पावसाला शिव्या देण्याआधी खालची कड बघा

(पॉडकास्टच्या या एपिसोडचा लिखित मजकूर. अधलीमधली थोडी बडबड गाळली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर दारात लटकून ऐकू नका, आत या. आजची गोष्टही एका दारापासूनच सुरू होते.

मागचे दोन एपिसोड ऐकून काही जणांनी मेसेज केले की मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येतायत. खरं आहे. मी दिघ्यात राहते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी, मध्ये ठाणे-बेलापूर रोड आणि एमआयडीसीचे ट्रक. जुलैत इथे हवेत इतका ओलावा असतो की डब्यातला पापड ताटात येईपर्यंत मऊ पडतो. तर अशा या जुलैत माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार फुगलं. लागेचना. बोटभर फट राहायची आणि त्या फटीतून अख्खा रोड आत.

दार जेमतेम दोन वर्षांचं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन केला. उत्तर आलं, "मॅडम, पावसामुळे होतं. आता पावसाला आम्ही काय करणार?" मलाही ते पटलं. शेवटी कोकणातला पाऊस आहे, लाकूड फुगणारच.

मग सुतारकाका आले. त्यांनी बिजागरीचे स्क्रू काढले, दार उचललं, उलटं केलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. मला म्हणाले, "ताई, इकडे या. ही खालची कड बघा." समोरून-मागून दाराला छान रंग होता. खालच्या कडेला मात्र काहीच नव्हतं. ना रंग, ना प्रायमर. कोरी कड. आणि जिथे ती उकलली होती तिथून आत काय दिसलं? कागद! षटकोनी घरांचं, मधाच्या पोळ्यासारखं कागदाचं जाळं. खालच्या भागात त्याचा पार लगदा झालेला.

काका म्हणाले, "पाऊस दरवर्षीच पडतो, ताई. ही कड कोणी रंगवली नाही, ते विचारा."

मंडळी, हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. त्यानंतर मी वाचायला घेतलं, आणि त्या लगद्याच्या मागे मला दुसऱ्या महायुद्धातली विमानं, चंद्रावर निघालेलं रॉकेट आणि कॉन्कॉर्ड अशी सगळी मंडळी भेटली. आणि प्रत्येक ठिकाणी प्रश्न तोच: पाणी आत आलं, पण आलं कुठून?

आत पोळं कशाला घालतात?

आधी थोडं समजून घेऊ. हातात प्लॅस्टिकची पट्टी घ्या. आडवी धरून दाबली की सहज वाकते. तीच कडेवर उभी धरून दाबा, वाकत नाही. वस्तू तीच, वजन तेच. फरक एवढाच की आता दाबाच्या दिशेने तिची जाडी वाढली. वाकताना सगळा ताण वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावर येतो. मधला भाग फारसं काही करत नाही, त्या दोघांना एकमेकांपासून लांब धरून ठेवतो.

मग मधल्या भागात भरीव माल कशाला भरायचा? दोन पातळ पत्रे घ्या, मध्ये हलकं पोळं ठेवा, डिंकाने चिकटवा. झालं सँडविच पॅनेल. एक भरीव पत्रा घेऊन त्याचे दोन पातळ पत्रे केले आणि मध्ये पोळं घालून एकूण जाडी चौपट केली, तर ताठपणा साधारण 37 पट होतो आणि वजन वाढतं जेमतेम 6 टक्के. विमानवाल्यांना याहून गोड गणित कुठलं मिळणार?

कागदाचं पोळं जन्माला आलं ते मात्र शोभेसाठी. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जर्मनीत हॅन्स हाइलब्रुन याने ते बनवायची पद्धत काढली. वाढदिवसाला किंवा मांडवात टांगतात ते घडीचे कागदी गोळे आठवा, उघडले की फुलतात ते. तेच हे पोळं. पुढे विमानवाल्यांची नजर त्याच्यावर पडली. 1915 मध्ये ह्यूगो युंकर्सने विमानासाठी पोळ्याच्या गाभ्याचं पेटंट घेतलं. पण पत्रा पोळ्याला नीट चिकटणार कसा? पोळ्याच्या भिंती कागदासारख्या पातळ, पत्र्याला टेकते ती फक्त त्यांची धार. इंग्लंडमधल्या डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रुइन नावाचा माणूस डिंकांवर काम करत होता. 1930 च्या दशकाच्या शेवटी त्याने हा जोड जमवला. म्हणजे या सगळ्या कारभाराचा जीव कशात आहे? पत्र्यातही नाही, पोळ्यातही नाही. तो आहे त्या दोघांमधल्या डिंकाच्या पातळ रेषेत.

आणि पाणी नेमकं तिथेच जातं.

गंमत बघा. खऱ्या मधमाश्यांना हे आधीपासून माहीत आहे. फुलातून आणलेला रस पाणीदार असतो. माश्या पंखांनी वारा घालून तो आटवतात. मधातलं पाणी साधारण 18 ते 20 टक्क्यांच्या आसपास आलं की त्या घरावर मेणाचं झाकण बसवतात. मध हवेतला ओलावा ओढून घेतो, ओलावा वाढला की आंबतो. म्हणून आधी सुकवायचं, मग बंद करायचं. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

1944: भारतात आलेलं लाकडी विमान

आता चला 1944 मध्ये. ब्रह्मदेशाची आघाडी. जपानी सैन्य पलीकडे, ब्रिटिशांच्या धावपट्ट्या आपल्या आसाम-बंगालकडे. तिथे एक विमान आलं होतं, मॉस्किटो. म्हणजे डास. बनवणारी कंपनी इंग्लंडची डी हॅव्हिलंड. या विमानाचं पहिलं उड्डाण नोव्हेंबर 1940 मधलं, आणि एकूण 7,781 विमानं बनली.

मॉस्किटोची खासियत अशी की ते लाकडाचं होतं. युद्धात धातूची चणचण होती आणि फर्निचर बनवणारे सुतार मोकळे होते. विमानाचं धड म्हणजे चक्क सँडविच: बाहेर बर्चचं प्लायवूड, आत बर्चचं प्लायवूड आणि मध्ये बाल्सा नावाचं पिसासारखं हलकं लाकूड. कागदाचं पोळं नव्हतं, पण कल्पना तीच, दोन कातड्या आणि हलका गाभा. पंख प्लायवूडचे, त्याची वरची कातडी दुहेरी, मध्ये लाकडी पट्ट्या. सगळं डिंकाने जोडलेलं. सुरुवातीचा डिंक केसीनचा होता, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा. दमट हवेत दुधाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. या डिंकालाही बुरशी धरायची. म्हणून पुढे फॉर्माल्डिहाइडचा कृत्रिम डिंक वापरायला लागले. दमट देशात तो टिकेल अशी आशा होती.

आणि मग 1944 च्या पावसाळ्यानंतर बातम्या यायला लागल्या. उडताना पंख तुटतायत. पंखाची वरची कातडी आतल्या मुख्य तुळईपासून सुटतेय. एका मॉस्किटोत दोन माणसं बसायची, शेजारी शेजारी. पंख गेला की दोघंही गेले. नोव्हेंबरमध्ये प्रकरण इतकं गंभीर झालं की चौकशीसाठी इंग्लंडहून पथक आलं. पथकाचे प्रमुख होते मेजर हेरवर्ड डी हॅव्हिलंड. आडनाव ऐकलंत? कंपनीचे संस्थापक जेफ्री डी हॅव्हिलंड यांचे ते भाऊ.

डिसेंबरच्या सुरुवातीला अहवाल आला. त्याचा सारांश असा: डिंक खराब झालेला नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेने लाकडाचा आकार बदलला, त्यामुळे हे झालं. थोडक्यात, हवामान.

"मॅडम, पावसामुळे होतं."

आता या उत्तरात तथ्य नाही असं नाही, हं. लाकूड ओलावा पिऊन फुगतं, सुकलं की आकसतं, आणि दोन्ही आडव्या दिशेत जास्त. विमान दिवसभर उन्हात, रात्री दमट गारव्यात, चार महिने पावसात उभं. प्रत्येक फुगण्या-आकसण्यात जोडावर ताण येणारच. पण प्रश्न असा की चांगला जोड तो ताण सोसेल की नाही?

पुढे आणखी तपास झाले. एका तपासाने सरळ सांगितलं की दोष बनवण्यात आहे. मग ब्रिटनच्या विमान उत्पादन मंत्रालयाच्या पथकाने डिफर्डला, म्हणजे इंग्लंडमध्येच, मॉस्किटो उघडून बघितले. सहा वेगवेगळ्या प्रकारच्या विमानांत तसेच दोष सापडले. ती सगळी कंपनीच्या हॅटफील्ड आणि लिव्ह्सडन इथल्या कारखान्यांत बनलेली. आणि त्यातल्या एकाही विमानाने मॉन्सून बघितला नव्हता! ना वाळवी, ना पाऊस, ना आसाम. तरी जोडांत डिंक नीट बसलेला नव्हता.

मग सरकारने काय केलं? युद्ध सुरू होतं. वैमानिकांचा विमानावरचा विश्वास उडाला तर काय, ही भीती होती. त्यामुळे अधिकृत भूमिका पहिल्याच अहवालाची राहिली: अपघात मुख्यतः हवामानामुळे.

मला इथे कारखान्यातल्या हातांवर बोट ठेवायचं नाही. युद्धाची घाई, रोजचा आकडा पूर्ण करायचा दबाव, नवी माणसं. डिंकाचं काम घाईत बिघडतं. कुठे कमी लागतो, कुठे पकड सोडायच्या आधीच सुटतो, आणि वरून बघितलं तर काही कळत नाही. पण घाई ही एक गोष्ट आणि घाईचा दोष पावसावर लिहिणं ही दुसरी. कारण दोष पावसाचा ठरला की कारखान्यात काही बदलायचं कारणच उरत नाही.

आणि शेवटी उपाय काय केला, तेही ऐका. पंखाच्या कातडीचा जो लांबलचक जोड होता, त्याच्यावर प्लायवूडची पट्टी बसवली. पाणी आत झिरपू नये म्हणून फट बंद केली. कागदावर दोष हवामानाचा होता, पण दुरुस्ती झाली ती कडेची. सुतारकाकांना दोन मिनिटांत दिसलं तेच.

याच पावसात बांधलेलं जहाज

तुम्ही म्हणाल, पण आपल्या पावसात लाकूड टिकतच नसेल तर? चला, एकदा मुंबई गोदीत डोकावून येऊ. 1817 मध्ये तिथे वाडियांनी ब्रिटिश नौदलासाठी एक युद्धनौका बांधली, एचएमएस ट्रिंकोमाली. पूर्ण सागवानी. ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर तरंगतेय. दोनशे वर्षांहून जास्त झाली.

सागवान तेलकट असतं, बर्चच्या प्लायवूडशी त्याची बरोबरी नाही, हे मान्य. पण नुसत्या सागावर जहाज दोन शतकं उभं राहत नाही. पश्चिम किनाऱ्यावरचे कारागीर फळीला खाच पाडून दुसरी फळी त्यात बसवायचे, आणि त्या सांध्यात कापूस व राळ भरायचे. सुरतेच्या, मुंबईच्या जहाजांची ही पद्धत बघून युरोपातले प्रवासी चकित झाले होते. ज्यांना माहीत होतं की पाणी येणारच आहे, त्यांनी सगळं लक्ष सांध्यावर दिलं. हवामान त्यांच्यासाठी सबब नव्हती, रोजची वस्तुस्थिती होती.

अपोलो 6: नुसतं झाकण बसवून भागत नाही

इथपर्यंत वाटेल की सोपं आहे, कड बंद करा, विषय संपला. थांबा.

4 एप्रिल 1968. अमेरिकेत अपोलो 6 उडालं. माणसं नव्हती आत, चाचणी होती. चंद्रावर जाणाऱ्या त्या अवाढव्य सॅटर्न 5 रॉकेटचं हे दुसरंच उड्डाण. वर निघाल्यावर दोनेक मिनिटांत रॉकेट स्प्रिंगसारखं पुढे-मागे हादरायला लागलं आणि एका भागाच्या बाहेरच्या आवरणाचे तुकडे उडाले. हा भाग म्हणजे चांद्रयान ज्याच्या आत बसवायचं ते निमुळतं कवच. बनलेलं कशाचं? अॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये अॅल्युमिनियमचं पोळं.

साहजिकच पहिला संशय त्या हादऱ्यांवर गेला. हादरे खरे होते आणि ते वेगळे दुरुस्तही करावे लागले. पण कवच फुटण्याचं कारण दुसरंच निघालं. पोळ्याच्या घरांमध्ये हवा आणि ओलावा अडकून पडला होता. रॉकेट वेगाने हवेतून जाताना बाहेरचा पत्रा तापला, आतली हवा फुगली, ओलाव्याची वाफ झाली. बाहेरचा हवेचा दाब उंचीबरोबर कमी होत चाललेला. आतून जोर, बाहेरून आधार नाही. पत्रा पोळ्यापासून सुटला.

कुकरची शिट्टी बंद करून गॅस मोठा ठेवल्यासारखंच की हे!

मग अभियंत्यांनी काय केलं? आणखी घट्ट बंद केलं का? नाही. त्यांनी पत्र्याला बारीक बारीक भोकं पाडली, आतल्या वाफेला आणि हवेला बाहेर पडायला वाट दिली. आणि वरून बुचाच्या लाकडाचा पातळ थर लावला, ओलावा शोषून घ्यायला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपोलो 8 मधून तीन माणसं चंद्राला फेरी मारून आली.

तर मंडळी, ओलाव्याशी वागायचे प्रामाणिक मार्ग दोनच. एक, मधमाशीचा: आधी सुकवा आणि मग पूर्ण बंद करा. दोन, अपोलोचा: येऊ दे, पण जायला मोकळी वाट ठेवा. आपले इस्रोचे उपग्रहही अशाच अॅल्युमिनियमच्या पोळ्याच्या पॅनेलवर उभे असतात. अवकाशात नेायच्या अशा पोळ्याच्या भिंतींना बारीक छिद्रं ठेवतात, म्हणजे निर्वातात जाताना आतली हवा निघून जाते. सगळ्यात वाईट काय, तर मधला मार्ग: आत शिरण्याएवढी फट आहे आणि बाहेर पडण्याएवढी नाही. माझ्या दाराचं हेच झालं होतं.

विमान श्वास घेतं

1971 मध्ये एअर इंडियाचं पहिलं जंबो जेट मुंबईत उतरलं. बोइंग 747, नाव 'एम्परर अशोक'. या जातीच्या विमानांत पोळ्याची पॅनेल भरपूर. त्यात एक नवा कागद आला होता, नोमेक्स. हा झाडाच्या लगद्याचा कागद नाही, तर आग सहज न धरणाऱ्या कृत्रिम धाग्याचा, त्याचं पोळं करून रेझिनमध्ये बुडवतात. अॅल्युमिनियमसारखा तो गंजत नाही. पण शेवटी कागदच तो, थोडा ओलावा पितोच.

आता अशा एका पॅनेलला सुईच्या टोकाएवढं भोक पडलंय असं समजा. जुलैतली मुंबई. विमान उभं आहे, पोळ्याच्या घरांत दमट हवा. विमान 35,000 फुटांवर गेलं. तिथे हवेचा दाब जमिनीच्या साधारण पाव, तापमान शून्याखाली पन्नासहून जास्त अंश. आतली हवा भोकातून बाहेर निसटते. उतरताना उलट होतं. बाहेरचा दाब वाढतो आणि खालची दमट हवा आत ओढली जाते. गार पॅनेलच्या आत त्या हवेचं पाणी होतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर दव धरतं तसं. पुढच्या उड्डाणात त्या पाण्याचा बर्फ. बर्फ होताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं आणि भिंती ढकलतं. उतरल्यावर पुन्हा पाणी, पुन्हा थोडी हवा आत. रोज दोन-तीन उड्डाणं, वर्षानुवर्षं. विमान श्वास घेत राहतं आणि प्रत्येक श्वासाबरोबर थोडं पाणी पितं.

पोळं अॅल्युमिनियमचं असेल तर पाणी हळूहळू डिंकाखालच्या धातूच्या थरापर्यंत पोचतं. तो थर बदलतो, पकड सुटते. डिंक तसाच असतो, पण त्याने ज्याला धरलंय तीच जागा ढासळते. म्हणून 1970 च्या दशकात चिकटवण्याआधी धातूवर प्रक्रिया करायच्या नव्या पद्धती आल्या. बोइंगची फॉस्फोरिक आम्लातली प्रक्रिया त्यातली गाजलेली. म्हणजे इथेही उत्तर सापडलं ते जोडाच्या तयारीत.

12 एप्रिल 1989. ब्रिटिश एअरवेजचं कॉन्कॉर्ड न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चहून सिडनीला निघालं. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं, जगातलं सगळ्यात डौलदार प्रवासी विमान. सिडनीला सुखरूप उतरलं आणि खालच्या लोकांच्या लक्षात आलं की शेपटीच्या वरच्या सुकाणूचा मोठा तुकडाच नाही! पोळ्याचं पॅनेल, पत्रा आणि पोळं यांच्यातला जोड हळूहळू सुटत गेलेला, आणि संशयितांच्या यादीत आत शिरलेला ओलावा होता. 1992 मध्ये लंडन-न्यूयॉर्क मार्गावर पुन्हा एका कॉन्कॉर्डच्या सुकाणूचा तुकडा गेला. दोन्ही वेळा कोणाला काही झालं नाही.

नाणं वाजवून बघणारे लोक

मग आतलं पाणी शोधायचं कसं? क्ष-किरण आहेत, उष्णता टिपणारे कॅमेरे आहेत. पॅनेल थोडं तापवलं की पाणी असलेली जागा उशिरा तापते आणि कॅमेऱ्यात वेगळी दिसते. पण सगळ्यात जुनी पद्धत ऐकून तुम्हाला आजीची आठवण येईल. नाणं किंवा छोटी हातोडी घ्यायची आणि पॅनेलवर टकटक करत जायचं. जोड पक्का असेल तर आवाज खणखणीत, सुटला असेल तर बद्द. बाजारात मडकं घेताना आपण हेच करतो. फरशी पोकळ बसलीय का, हे गवंडी असंच बघतो.

ही पद्धत चांगली आहे, पण तिला मर्यादा आहेत. 6 मार्च 2005 ला एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए310 विमान क्यूबाच्या वाराडेरोहून कॅनडातल्या क्वेबेकला निघालं. आत 271 माणसं. वर गेल्यावर मोठा आवाज झाला, विमान डुलायला लागलं. वैमानिकांनी ते परत वाराडेरोला आणलं. उतरल्यावर दिसलं, सुकाणू जवळजवळ पूर्ण गेलेलं, बुडाशी थोडासा भाग शिल्लक. कार्बन फायबरच्या कातड्या आणि आत नोमेक्सचं पोळं. इथे पाण्याने केलं असं सिद्ध झालं नाही. पण कॅनडाच्या तपास संस्थेने एक गोष्ट ठळक सांगितली: डोळ्यांनी बघणं आणि टकटक करणं, एवढ्या तपासणीने असा दोष वेळेवर सापडेलच असं नाही. त्याच वर्षी अमेरिकेत एका मालवाहू एअरबसच्या सुकाणूत कातडी आणि पोळं सुटलेलं सापडलं, आणि तिथे आत हायड्रॉलिक तेल शिरलेलं होतं. पाणी नाही, तेल. द्रव बदलला, शिरण्याची गोष्ट तीच.

आणि समजा पाणी सापडलं. मग दुरुस्ती. नवा तुकडा चिकटवायला पॅनेल तापवतात, काही डिंकांना 120 अंश, काहींना 177 अंश लागतात. पण आत पाणी राहिलं असेल तर? 177 अंशांवर वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या नऊपट होतो. तळहाताएवढ्या, 10 बाय 10 सेंटीमीटरच्या तुकड्याला आतून साधारण 800 किलोचा रेटा बसतो. म्हणजे दुरुस्ती करणाराच पॅनेल फोडून बसणार! म्हणून नियम काय? आधी मंद आचेवर, वेळ देऊन, पूर्ण सुकवा. मग चिकटवा. मग कड बंद करा. मधमाशीचा क्रम आठवला?

मग काय शिकायचं?

हे सगळं वाचताना मला सारखे ते मॉस्किटोतले दोघे दोघे आठवत होते. बहुतेक विशी-पंचविशीतले, म्हणजे तुमच्या-माझ्याच वयाचे. आपल्या देशाच्या आकाशात ते गेले आणि कागदावर दोष लिहिला गेला आपल्या पावसाच्या नावावर. ज्यांनी विमान दमट देशात पाठवलं त्यांना इथे पाऊस पडतो हे माहीत नव्हतं का? मॉन्सून काही गुपित नव्हतं. तो जूनमध्ये येतो, हे दिघ्यातलं पहिलीतलं पोरगंही सांगेल.

जी गोष्ट दरवर्षी ठरलेल्या वेळी येते, ती कारण कशी होईल? ती तर परिस्थिती. कारण शोधायचं असेल तर त्या परिस्थितीसाठी आपण काय तयारी केली होती, तिथे बघावं लागतं. रस्त्याला खड्डा पडला, पावसामुळे. स्लॅब गळतोय, पावसामुळे. पूल खचला, पावसामुळे. हे उत्तर पूर्ण खोटं नसतं, म्हणून तर ते इतकं चालतं. पाणी खरंच आलेलं असतं. पण ते उत्तर ऐकलं की आपण पुढचा प्रश्न विचारायचं सोडून देतो. पुढचा प्रश्न सुतारकाकांचा: कड कोणी बंद केली नाही?

दाराचं काय झालं? काकांनी खालचा लगदा खरवडून काढला. दार चार दिवस पंख्याखाली उभं ठेवलं. मी घाई करत होते, एपिसोड अडला होता. ते म्हणाले, "ताई, ओलं असताना बंद केलं तर आतच सडेल. थांबा." मग आत लाकडाची पट्टी बसवली, डिंक लावला, पकडीत रात्रभर ठेवलं. आणि खाली, वर, दोन्ही बाजूंना, चारही कडांना रंगाचे दोन हात दिले. जिथे कोणी कधी बघणार नाही तिथे. जाताना हसून म्हणाले, "दिसतं ते सगळेच रंगवतात."

आज ट्रक ऐकू आले का? मला कळवा.

आणि एक छोटं काम. आज घरी गेलात की तुमच्या बाथरूमच्या दाराची खालची कड बोटाने चाचपून बघा. कोरी असेल तर पावसाळ्याआधी रंगवून घ्या. एपिसोड आवडला असेल तर ज्याच्या घरचं दार फुगलंय त्याला पाठवा, प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक तरी असतोच. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, छत्री विसरू नका.